लग्न झालेली माणसं जास्त जगतात का? लिव्हरचं ऑपरेशन आणि सोबतीचा हिशेब



गेलं वर्षभर आमच्या गटांच्या बैठकांमध्ये एक मेसेज फिरतोय. लिव्हरच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर लग्न झालेली माणसं जास्त दिवस जगतात आणि विधवा-विधुर सगळ्यांत कमी, असं त्यात लिहिलंय. मेसेज तेवढाच. कुणी शोधलं, कुठं शोधलं, का असं होतं, काही नाही.

आता हा मेसेज कुणाच्या हातात पडला ते ऐका. आमच्या एका गटातल्या ताई. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी सासरी, शेत वाट्यानं दिलेलं. त्यांच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली आणि डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. तारखेच्या आधी आठ दिवस त्या बैठकीत म्हणाल्या, "माझं काय ते आधीच ठरलंय. मग कशाला धावपळ करायची? मी काही जात नाही."

एका मेसेजनं बाई ऑपरेशन टाळायला निघाली. म्हणून आम्ही बसून हा विषय नीट समजून घेतला, डॉक्टरांना विचारलं, जे छापून आलंय ते वाचलं. ते आज तुमच्यापुढे मांडतो.

अभ्यासात नेमकं काय आहे?

मेसेज अगदी खोटा नाही. लग्न झालेली माणसं सरासरीनं जास्त जगतात, हे फार जुनं निरीक्षण आहे. इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यूच्या नोंदींचा अभ्यास करणारे विल्यम फार यांनी फ्रान्समधल्या नोंदी पाहून १८५८ सालीच हे लिहिलं होतं.

कॅन्सरपुरतं बोलायचं तर २०१३ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास छापून आला. तिथं कॅन्सरच्या रुग्णांची सरकारी नोंदवही असते. वय किती, गाठ केवढी, उपचार कोणता झाला, लग्न झालंय का, असं सगळं त्यात लिहितात. त्या नोंदवहीतल्या ७ लाख ३४ हजारांहून जास्त रुग्णांची माहिती तपासली. दहा प्रकारचे कॅन्सर घेतले होते, त्यांत लिव्हरचाही होता.

तीन गोष्टी दिसल्या. पहिली, लग्न झालेल्यांचा आजार अंगभर पसरायच्या आत सापडण्याचं प्रमाण जास्त होतं. दुसरी, आजार मुळापासून काढायचा जो पुरा उपचार असतो, तो त्यांना जास्त प्रमाणात मिळाला. आणि तिसरी, मृत्यूचा धोका सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. म्हणजे वय सारखं, आजार सारखा, असं धरून एकट्या माणसांच्या गटात काही काळात १०० मृत्यू झाले, तर लग्न झालेल्यांच्या तेवढ्याच मोठ्या गटात ८०च्या आसपास झाले. हा फायदा बायकांपेक्षा पुरुषांना जास्त झाला, हेही त्यातच आहे. त्यावर पुढे बोलू.

लिव्हरच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्यांचा वेगळा अभ्यास २०१६ साली आला. नोंदवही तीच, अमेरिकेची. रुग्ण १३ हजारांहून जास्त. त्यातही लग्न झालेल्यांचं चांगलं आणि विधवा-विधुरांचं सगळ्यांत वाईट, असंच निघालं.

मग ताई म्हणतात ते बरोबर का?

नाही. आणि का नाही, ते समजून घ्या.

सरासरी म्हणजे एका माणसाचं भविष्य नव्हे. तालुक्याचा सरासरी पाऊस कृषी सहायक सांगतात, म्हणून तुमच्या वावरात किती पडेल ते कळतं का? बांधाच्या अलीकडे पडतो, पलीकडे पडत नाही. हेही तसंच आहे. विधवांमध्येही ऑपरेशननंतर दहा-दहा वर्षं जगलेल्या आहेत आणि सवाष्णींमध्येही लवकर गेलेल्या आहेत. ह्या अभ्यासातली सगळी माणसं ऑपरेशन झालेली होती. त्यामुळे एकट्या बाईनं ऑपरेशन करू नये, असं तो म्हणतच नाही.

दुसरं, त्या नोंदवहीत निदान झालं त्या दिवशी लग्नाची नोंद काय होती, तेवढंच लिहिलेलं असतं. नवरा सोबत येतो का, बोलतो का, मारतो का, हे नसतं. एकट्या बाईजवळ बहीण राहते का, शेजारीण जीव लावणारी आहे का, हेही नसतं. दारू पितो का, हेही नसतं. आणि लिव्हरच्या आजारात दारू ही केवढी मोठी गोष्ट आहे!

तिसरं, लग्नामुळे आयुष्य वाढलं की आधीपासून धडधाकट, कमावत्या माणसांचीच लग्नं जास्त टिकली, हे नुसत्या आकड्यांवरून सांगता येत नाही. अमेरिकेत पुष्कळांचा आरोग्यविमा नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीतून येतो. जोडीदार गेला की विमाही जाऊ शकतो. आपल्याकडची तऱ्हा वेगळी.

मग ह्या आकड्यांतून घ्यायचं काय? आम्ही डॉक्टरांना विचारलं, की मंगळसूत्रात औषध तर नसतं, मग फरक कशानं पडतो? त्यांचं म्हणणं असं, की घरात दुसरं माणूस असलं की काही कामं न सांगता होतात. ती कामं कोणती ते कळलं, तर ती दुसरं कुणीही करू शकतं. पण ती कळायला आधी लिव्हर म्हणजे काय ते पाहावं लागेल.

लिव्हर, गाठ आणि ऑपरेशन

'काळीज' म्हटलं की आपला हात छातीवर जातो. पण मटणाच्या दुकानात जिला कलेजी म्हणतात, ते यकृत पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली असतं. मोठ्या माणसाचं सव्वा ते दीड किलोचं. अन्नातून आलेलं सत्त्व साठवणं, पित्त करणं, रक्त गोठायला लागणारे घटक तयार करणं, रक्तातली घाण निपटणं, ही सगळी कामं ते करतं.

ह्या अवयवाचा एक गुण असा, की ते पुन्हा वाढतं. निरोगी यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला तरी उरलेला भाग काही आठवडे-महिन्यांत वाढून काम सांभाळतो. पण यकृताचा कॅन्सर बहुतेक वेळा निरोगी यकृतात होत नाही. आधी वर्षानुवर्षं हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, नाहीतर मधुमेह-लठ्ठपणामुळे साठलेली चरबी यांनी ते सुजतं, मग कडक आणि गाठीगाठीचं होतं. त्याला सिरॉसिस म्हणतात. अशा यकृताची वाढायची ताकद कमी झालेली असते. म्हणून सर्जन आधी उरलेलं यकृत किती काम करतंय ते तपासतात आणि मगच किती कापायचं ते ठरवतात. सगळ्यांचं ऑपरेशन होतंच असं नाही.

ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो, असंही नाही. गाठ काढली तरी आजारी यकृत तेच राहतं. ऑपरेशननंतरच्या पाच वर्षांत दहापैकी जवळजवळ सात जणांना पुन्हा गाठ होते. घाबरू नका, पुढचं ऐका. पुन्हा झालेली गाठ लहान असताना सापडली, तर पुन्हा उपचार होतात. परत ऑपरेशन करता येतं, सुई घालून गाठ जाळता येते, गाठीकडे जाणारी रक्तवाहिनी बंद करता येते. मोठी झाल्यावर सापडली तर वाटा कमी होतात. म्हणून पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी स्कॅन आणि रक्ताची तपासणी करतात, नंतर दर सहा महिन्यांनी.

म्हणजे हे दुखणं टाके काढले की संपणारं नाही. पाच वर्षं तारखा पाळायच्या आहेत. आणि तारीख पाळणं एकट्या माणसाला किती जड जातं, ते आपल्याला कुणी सांगायला नको. वाहनाचा खर्च, बुडणारी मजुरी, जनावरांचं कोण बघेल, आणि 'आता तर बरं वाटतंय', एवढी कारणं पुरेशी असतात.

सोबतीचं माणूस काय काय करतं?

आम्ही कागद घेऊन लिहून काढलं. पाच कामं निघाली.

पहिलं काम, लक्षात आणून देणं. "तू जेवत नाहीस हल्ली", "डोळे पिवळे दिसतायत", "लुगडं सैल होतंय पण पोट वाढलंय", हे समोरच्याला आधी दिसतं. लिव्हरचा कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही, त्यामुळे हे काम फार मोलाचं.

दुसरं काम, दवाखान्यात नेणं. "उद्या जाऊ" म्हणणाऱ्याला "आजच चल" म्हणणारं कुणीतरी लागतं. डॉक्टर सांगतात ते दोन माणसांनी ऐकलं तर निम्मं तरी लक्षात राहतं.

तिसरं काम, खाणं आणि औषध. लिव्हरच्या रुग्णाची ताकद झपाट्यानं उतरते. पुष्कळ घरांत 'लिव्हर खराब' म्हटलं की डाळ, अंडी, दूध बंद करून नुसता भात आणि ताक देतात. तसं करू नका. प्रथिनं लागतात. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खायला द्यायचं, आणि झोपायच्या आधीही काहीतरी खायचं, म्हणजे रात्रभर उपाशी राहून अंगातलं मांस झिजत नाही. पोटात पाणी होत असेल तर मीठ कमी. दारू एक थेंबही नाही. अंग दुखलं म्हणून दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या नाहीत, कुणी सांगितलेला काढा-जडीबुटी नाही. आधी डॉक्टरांना विचारायचं. हिपॅटायटिस बीची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनानं बंद करायची नाही.

चौथं काम सगळ्यांत महत्त्वाचं, आणि हे एकटं माणूस करूच शकत नाही. यकृत कमी पडायला लागलं की रक्तात घाण साठते आणि तिचा परिणाम मेंदूवर होतो. सुरुवात बारीक असते. दिवसा झोप आणि रात्री टक्क जागं. साखरेच्या डब्यात मीठ ओततात. सही वेडीवाकडी येते. हात पुढे धरायला सांगितलं तर पंजे फडफडतात. मग बरळणं, गुंगी. आता सांगा, ज्याचं डोकं गोंधळलंय त्याला आपलं डोकं गोंधळलंय हे कळेल कसं? ते दुसऱ्यालाच दिसतं. आणि वेळेत दवाखान्यात नेलं तर औषधानं ते उतरतंही. बद्धकोष्ठानं हा त्रास वाढतो, म्हणून पोट साफ ठेवायचं पातळ औषध दिलेलं असेल तर ते चुकवायचं नाही.

पाचवं काम, धीर देणं. "झालं ते झालं, चल चहा घे" म्हणणारं कुणी असलं की माणूस उठून बसतं. आमच्या ताईंना आकड्यांनी खचवलं नव्हतं. आपलं कुणी नाही, ह्या भावनेनं खचवलं होतं.

नवरा असूनही एकटी

आता तो पुरुषांना जास्त फायदा होण्याचा मुद्दा. ही पाच कामं घरात कोण करतं? नवरा आजारी पडला की बायको पाचही करते. डबा, औषध, पाय चेपणं, डॉक्टरांपुढे हात जोडणं. बाई आजारी पडली की? चांगले नवरे आहेत, आम्ही पाहिलेत, बायकोची अंघोळ घालणारेही पाहिलेत. पण पुष्कळ घरांत ऑपरेशन होऊन आलेली बाई दहाव्या दिवशी चुलीपुढे असते. अवयवदानाचंही बघा ना. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांमध्ये बायका जास्त आणि घेणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त. हे सरकारी आकड्यांतच दिसतं.

म्हणून गटात 'एकल महिला' म्हणून यादी करताना आम्ही आता फक्त विधवा, परित्यक्ता आणि लग्न न झालेल्या एवढ्याच बायका धरत नाही. नवरा कामाला परगावी, नवरा दारूत, नवरा लक्ष न देणारा, अशाही बाया धरतो. ह्या बायांचं नाव अमेरिकेच्या नोंदवहीत 'विवाहित' म्हणून लागलं असतं. त्यांच्या घरी मात्र रात्री पंजे फडफडतायत का ते बघणारं कुणी नसतं. नुसत्या एकट्या बायकाच मोजल्या तरी २०११च्या जनगणनेत देशात त्या सात कोटींहून जास्त निघाल्या होत्या.

विधवांच्या बाबतीत अजून एक. दुःख असतंच, पण त्यावर आपल्या रिवाजांनी आणखी ओझं घातलंय. हळदीकुंकवाला बोलावायचं नाही, शुभकार्यात पुढे यायचं नाही. माणूस वर्षानुवर्षं मागच्या रांगेत बसलं, की दुखणंही मागेच ठेवायला शिकतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आम्हाला तो ठराव आरोग्याचाही वाटतो.

परकं माणूस सोबत झालं तर चालतं का?

चालतं. ह्याचाही दाखला आहे. न्यूयॉर्कमध्ये हार्लेम नावाची गरीब कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या रुग्णालयात हॅरॉल्ड फ्रीमन नावाचे सर्जन होते. त्यांच्याकडे स्तनाच्या कॅन्सरच्या बाया फार उशिरा यायच्या. तपासणी झाली तरी पुढचा उपचार अर्धवट सुटायचा. त्यांनी १९९० साली एक पद्धत सुरू केली. प्रत्येक बाईसोबत एक 'वाट दाखवणारी' व्यक्ती द्यायची. ती तारीख आठवण करून देते, कागद भरते, अडलं तिथं सोबत जाते. जोडीला कमी पैशात तपासणी. त्या रुग्णालयात पूर्वी निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ३९ टक्के होतं, ते पुढे ७० टक्के झालं. लिव्हरचा कॅन्सर वेगळा, हे मान्य. पण नात्यातलं नसलेलं माणूसही ही कामं करू शकतं, एवढं त्यातून कळतं. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयानंही अशा वाट दाखवणाऱ्यांना तयार करायचं प्रशिक्षण सुरू केलंय. त्याचं नाव 'केवट', म्हणजे नाव पार नेणारा नावाडी.

आणि मैत्रिणींनो, तारीख पाळणं, वही लिहिणं, कुणी गैरहजर असलं की घरी जाऊन चौकशी करणं, हे आपल्याला कुणी शिकवायचं? बचत गटाची पंचसूत्रीच ती आहे. पुढे दशसूत्री झाली तेव्हा आरोग्यही त्यात आलं.

त्या ताईंच्या गटानं काय केलं ते सांगतो. अकरा जणींनी पाळी लावली. दोघी आळीपाळीनं दवाखान्यात, एक घरची म्हैस बघायला, एक मुलीशी आणि जावयाशी फोनवर बोलायला. डॉक्टरांना काय विचारायचं ते आधी वहीत लिहून नेलं. घरी आल्यावर पहिले दोन महिने रोज संध्याकाळी एक जण डबा घेऊन जायची आणि पाच गोष्टी बघायची: ताप आहे का, डोळे पिवळे आहेत का, पोट किंवा पाय सुजलेत का, जखमेतून पू येतोय का, बोलणं जागेवर आहे का. काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली तर कुणालाही न विचारता सरळ दवाखाना, हे ठरलेलं होतं. आणि स्कॅनची तारीख कर्जाच्या हप्त्यासारखी गटाच्या वहीत लिहिली. हप्ता चुकला तर आपण विचारतो ना, तसंच. ऑपरेशनला सात महिने झालेत. दोन तपासण्या झाल्या, तिसरी जवळ आलीय. पुढं काय होईल हे कुणीच सांगू शकत नाही. पण तारीख चुकलेली नाही.

कागदपत्रं आणि हक्क

आता कामाच्या गोष्टी. कागद-पेन घ्या.

सही कुणाची? पुष्कळ ठिकाणी विचारतात, "नवरा कुठंय? नातेवाईक कोण?" शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईच्या ऑपरेशनला तिची स्वतःची समजून दिलेली संमती लागते. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली एका लग्न न झालेल्या बाईच्या खटल्यात हेच सांगितलं. तिला भूल दिलेली असताना आईची सही घेऊन मोठं ऑपरेशन केलं होतं. ती संमती न्यायालयानं धरली नाही. जवळचं माणूस म्हणून कुणाला कळवायचं, ते मात्र दाखल होतानाच केसपेपरवर लिहून घ्या. मैत्रिणीचं नाव आणि फोन द्यायचा असेल तर तसं स्पष्ट सांगा.

पैसा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे, आणि कॅन्सरच्या उपचारांचा त्यात समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, आधी त्यांना भेटा. चौकशीचा नंबर १५५३८८. तुमचं ऑपरेशन योजनेत बसतं का आणि त्या रुग्णालयात होतं का, हे दाखल व्हायच्या आधी विचारून घ्या.

पण त्याला रेशनकार्ड लागतं, आणि इथं परित्यक्ता बायांचं घोडं अडतं. माहेरच्या कार्डातून नाव कमी झालेलं, सासरच्या कार्डावर नाव आहे पण कार्ड नवऱ्याच्या पेटीत. दुखणं आल्यावर हे कागद धावून होत नाहीत. तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात स्वतंत्र कार्डासाठी आजच अर्ज करा. आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळतंय का तेही बघा.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत गरीब विधवा, परित्यक्ता यांच्याबरोबर कॅन्सरचे रुग्णही बसतात. वय १८ ते ६५. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव किंवा वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. अर्ज तहसीललाच.

प्रवास. कॅन्सरचा रुग्ण उपचारासाठी जात असेल तर रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-एसी डब्यात त्याला तिकीट लागत नाही इतकी सवलत आहे, आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. एसटीत आपल्याला २०२३पासून अर्धं तिकीट आहेच. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं टाटाला येणारे कितीतरी रुग्ण राहतात. निघायच्या आधी चौकशी करा.

आणि मुळात हे होऊच नये म्हणून

हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात. बी तर शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. घरात एकाला निघाला तर नवरा-बायको आणि मुलं, सगळ्यांनी तपासून घ्यायचं. २०१८पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी दवाखान्यात ह्याची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट. ज्यांना सिरॉसिस आहे त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची. दाण्यांना, मक्याला बुरशी धरली असेल तर निवडून-धुऊन वापरू नका, टाकून द्या. बुरशीचं विष लिव्हरला लागतं आणि ते शिजवूनही जात नाही.

ह्या आठवड्याच्या बैठकीत

तीन गोष्टी करा. एक, गटात अशा किती जणी आहेत, ज्यांच्या आजारपणात रात्री शेजारी झोपायला कुणी नाही, त्यांची नावं लिहा. नवरा आहे की नाही ते विचारू नका, रात्री कोण असतं ते विचारा. दोन, अशा प्रत्येकीमागे दोन मैत्रिणी नेमा आणि त्यांचे फोन वहीत लिहा. तीन, तिचं रेशनकार्ड, आधार आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत घालून ठेवा, आणि पिशवी कुठं आहे ते त्या दोघींना माहीत असू द्या.

तो मेसेज पुन्हा आला तर पुढे पाठवू नका. ज्या बाईच्या मोबाइलवर तो पडेल, तिच्या घरी जाऊन बसा. आणि तिच्या तपासणीची तारीख विचारून घ्या.

पुढच्या भागात मधुमेह आणि चरबी झालेलं लिव्हर यावर बोलू.